चूक झाली, पण केली कोणी?

एखाद्या पुढाऱ्याचे तासाभराचे भाषण ऐकून उठावे आणि तो नेमके काय म्हणाला हे घरी कोणी विचारले तर सांगता येऊ नये, हा अनुभव आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याचे वैषम्यही वाटेनासे झाले आहे. 'सर्व घटकांना विश्वासात घेऊन', 'चर्चा सकारात्मक झाली', 'सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध' ही वाक्ये कानांवरून जातात, पण त्यांत विरोध करण्याजोगेही काही सापडत नाही. ज्या विधानाच्या उलट बोलण्याची कोणाचीच छाती होणार नाही, त्याला विधान म्हणायचे तरी कशाला?

हा मिळमिळीतपणा आळसातून किंवा शब्ददारिद्र्यातून येतो असे आपण समजतो. मला ते पटत नाही. ही भाषा मेहनतीने घडवलेली असते आणि कर्त्याला वाक्यातून अलगद बाहेर काढणे हे तिचे पहिले काम असते. 'चूक झाली' हे वाक्य पाहा. व्याकरणाने इथे कर्ता कोण, तर चूकच! म्हणजे चूक आपली आपण झाली आणि माणसे नुसती बाजूला उभी होती.

इंग्रजीत या वाक्याचा इतिहास जुना आहे. अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांनी १८७६ साली काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पाठवलेल्या संदेशात चुका झाल्याचे म्हटले होते, पण निदान 'हे मी मान्य करतो' असे त्याला जोडले होते. इराणला गुप्तपणे शस्त्रे विकल्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर जानेवारी १९८७ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी 'गंभीर चुका झाल्या' असे सांगितले, तेव्हा चुका करणारा वाक्यात कुठेच नव्हता. त्याच रेगन यांना त्याच वर्षी ४ मार्चला देशासमोर येऊन बोलावे लागले: अमेरिकी ओलिसांच्या सुटकेच्या बदल्यात इराणला शस्त्रे दिली नाहीत असे मी सांगितले होते, माझे मन अजूनही तेच सांगते, पण पुरावे तसे सांगत नाहीत. ही कबुलीही सफाईदारच आहे, पण तिच्यात 'मी' आहे, आणि तेवढ्याने ऐकणाऱ्याला जाब विचारण्यासाठी एक माणूस मिळतो.

प्रत्येक जपून बोललेला शब्द फिका असतो असे मात्र नाही. न्यायालयाने किंवा मध्यवर्ती बँकेने शब्द मोजूनमापूनच वापरावेत. मुत्सद्द्यांच्या निवेदनात 'मोकळेपणाने चर्चा झाली' असे आले की आत खडाजंगी झाली असावी, हे जाणकार ओळखतात. तो संकेत दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. नागरिकाला मिळणाऱ्या उत्तरामागे असा कोणताही संकेत नसतो, नुसते धुके असते.

हे टाळता येते. ऑगस्ट १९४० मध्ये, ऐन युद्धाच्या धामधुमीत, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना अहवाल आटोपशीर लिहा, पोकळ शब्दप्रयोग गाळा, असे टिपण धाडले होते. अमेरिकेत २०१० साली सरकारी लेखन सुबोध करण्याचा कायदाही झाला (नियमावल्या मात्र त्यातून वगळल्या, हे ओघाने आलेच).

मला अधिक काळजी वाटते ती परिणामांची. वर्षानुवर्षे पाणचट ऐकून कंटाळलेला माणूस पुढे शिवराळ बोलणाऱ्यालाच 'हा निदान स्पष्ट बोलतो' म्हणून डोक्यावर घेतो. शिवीतही माहिती नसते, पण चव असते.

काही महिन्यांपूर्वी मी एका कार्यालयाकडे तक्रार केली होती. उत्तर आले: 'सदर बाब विचाराधीन असून नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' विचार कोण करत आहे, योग्य काय हे कोण ठरवणार आणि केव्हापर्यंत, एवढे तीनच प्रश्न मी उलट टपाली विचारले. त्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा उत्तर आले: 'आपले पत्र संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे.' खाली सही होती, पण ती वाचता येत नव्हती.