होयचे बहुमत, होयचे बहुमत... पण होय म्हणालं कोण?

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत यंदा पार्किंगचा ठराव आला. दुसऱ्या गाडीला महिना पाचशे रुपये. मी उठून एक दुरुस्ती सुचवली: पाचशे घ्या, पण ज्यांच्याकडे आज गाडीच नाही त्यांच्या वाट्याची जागा आधी राखून ठेवा, मग उरलेली वाटा. तिघे हो म्हणाले, चौघे नाही म्हणाले, बाकीचे बटाटेवड्याच्या वासाकडे तोंड करून बसलेले. अध्यक्ष म्हणाले, "चला, ठराव मंजूर!" टाळ्या. पंधरा दिवसांनी इतिवृत्त हातात आलं. त्यात 'ठराव सर्वानुमते मंजूर.' माझी दुरुस्ती नाही, ते तिघे नाहीत, चौघेही नाहीत. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "काका, लिहायची पद्धतच तशी असते हो."

पाचशे रुपयांचं मला काही नाही. पण ही 'लिहायची पद्धत' डोक्यातून जाईना, कारण देशाचे कायदेही बरेचसे ह्याच पद्धतीने होतात आणि मला निवृत्तीनंतर संसद टीव्ही बघायचं व्यसन लागलंय. (बायको म्हणते, ह्यापेक्षा मालिका बघितलेल्या परवडल्या.)

आपण बातमीत काय वाचतो? 'अमुक विधेयक मंजूर, बाजूने इतकी मतं, विरोधात इतकी.' तो झाला शेवटचा आकडा. लग्नात जसं सगळं याद्या करताना ठरतं आणि अक्षता नुसत्या टाकायच्या असतात, तसं कायद्याचं खरं काय ते दुरुस्त्यांच्या वेळी ठरतं. विधेयकावर सर्वसाधारण चर्चा झाली की ते खंडशः घेतात, म्हणजे एकेक कलम. ज्या सदस्यांनी आधी नोटीस दिलेली असते त्यांची नावं पुकारली जातात, तुम्ही दुरुस्ती मांडताय का, असं विचारलं जातं. मांडली की मताला टाकतात. होय म्हणणाऱ्यांनी होय म्हणा, नाही म्हणणाऱ्यांनी नाही म्हणा. पीठासीन अधिकारी, म्हणजे खुर्चीत बसून सभागृह चालवणारे, कानाने अंदाज घेतात आणि निकाल देतात. आपल्या विधानसभेत 'होयचे बहुमत, होयचे बहुमत, होयचे बहुमत' असं तीनदा म्हणतात, देवळात घंटा वाजवावी तसं. झालं. 'खंड २ ते १४ विधेयकाचा भाग झाले.'

ह्यात गैर काही नाही, वेळ वाचतो. पण आवाजाला नाव नसतं. तुमच्या खासदाराने होय म्हटलं, नाही म्हटलं, की तो त्या वेळी कॅन्टीनमध्ये होता, हे आवाजी मतदानातून कधीच कळत नाही.

नाव उमटतं ते मतविभागणीत, म्हणजे डिव्हिजनमध्ये. नियम असा की आवाजी निकालाला सदस्याने आव्हान दिलं की लॉबी रिकामी करायची, घंटा वाजवायची, दारं बंद करायची आणि बटणं दाबायची. हिरवं होय, लाल नाही, पिवळं तटस्थ. मग प्रत्येक नाव नोंदलं जातं. लोकसभेच्या नियमांत एक पळवाटही आहे. डिव्हिजन विनाकारण मागितलंय असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती डोकी मोजू शकतात. आकडा मिळतो, नावं मिळत नाहीत.

आता २० सप्टेंबर २०२० आठवा. राज्यसभा, शेती विधेयकं. विधेयकं प्रवर समितीकडे, म्हणजे छाननी करणाऱ्या निवडक सदस्यांकडे, पाठवा अशा विरोधकांच्या सूचना होत्या, दुरुस्त्या होत्या, आणि त्यावर डिव्हिजनची मागणी होती. उपसभापतींनी सगळं आवाजी मतदानाने निकालात काढलं. त्यांचं म्हणणं, मागणी करणारे आपल्या जागेवर नव्हते. विरोधकांचं म्हणणं, जागेवरूनच मागणी केली होती. नियमपुस्तिका फाडली गेली, माईक ओढले गेले, दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित, त्यांत आपल्या हिंगोलीचे राजीव सातव. मला तो गोंधळ अजिबात आवडला नव्हता. पण एक प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे: सरकारकडे बहुमत होतं ना? मग मोजायला काय हरकत होती? दहा-पंधरा मिनिटं गेली असती. पुढे वर्षभर लोक दिल्लीच्या सीमेवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागे घेतले गेले. तेही चर्चेविना, तेही आवाजी मतदानाने. आले तसे गेले.

हे एकाच पक्षाचं दुखणं आहे असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगणाचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं तेव्हा सत्तेत काँग्रेस होती. दुरुस्त्या सदस्यांची डोकी मोजून फेटाळल्या, विधेयक आवाजी मतदानाने काढलं आणि थेट प्रक्षेपण नेमकं तेव्हाच बंद पडलं. तांत्रिक बिघाड म्हणे. एक राज्य दुभंगलं आणि कोणत्या खासदाराने हात कुठे वर केला, याची यादी नाही.

बरं, दुरुस्ती चुकून जिंकलीच तर? त्याचीही गंमत आहे. मार्च २०१६, आधार विधेयक. राज्यसभेत तेव्हा सरकारचं बहुमत नव्हतं. जयराम रमेश यांच्या पाच दुरुस्त्या मंजूर झाल्या. पण विधेयक आणलं होतं धनविधेयक (सरकारच्या जमाखर्चाचं विधेयक) म्हणून, आणि धनविधेयकावर राज्यसभा फक्त शिफारस करू शकते. त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी लोकसभेने पाचही शिफारशी फेटाळल्या. त्यांतली एक होती कलम ५७ काढून टाका अशी, म्हणजे खासगी कंपन्यांना आधार वापरायची वाट बंद करा. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा वैध ठरवला, पण कलम ५७ मधला खासगी कंपन्यांचा तोच भाग रद्द केला. मधली अडीच वर्षं सिमकार्डासाठी, बँकेसाठी, वॉलेटसाठी आपण अंगठे टेकवत फिरलो ते आठवतंय? माझ्या आईचे तर ठसेच उमटत नव्हते. दुकानदार तिला म्हणाला, "आजी, बोटं धुवून या." भांडी घासून झिजलेली बोटं ती, धुवून काय होणार होतं!

घटनादुरुस्तीचं मात्र वेगळं. तिथे दोन तृतीयांश बहुमत सिद्ध करायला मोजावंच लागतं, त्यामुळे नावं येतात. आणि नावं आली की गोष्टी कशा उघड होतात बघा. ९ मार्च २०१०, राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक. १८६ विरुद्ध १. तो एक कोण? शरद जोशी. शेतकरी संघटनेचे शरद जोशी, ज्यांनी १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं, ज्यांनी लक्ष्मीमुक्तीच्या नावाने शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीला होता, मतदारसंघ आळीपाळीने फिरवण्याला. मला त्यांचं म्हणणं तेव्हा पटलं नव्हतं. पण माणूस उभा राहिला, कारण सांगितलं, लाल बटण दाबलं आणि इतिहासात तो 'एक' म्हणून नोंदला गेला. आवाजी मतदान असतं तर 'एकमताने मंजूर' असं छापून आलं असतं.

पुढे २०२३ मध्ये तेच आरक्षण नव्या विधेयकातून लोकसभेत आलं, ४५४ विरुद्ध २. ह्या दोघांतही एक महाराष्ट्राचा, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. दुसरे त्यांचे पक्षाध्यक्ष ओवैसी. त्यांचं कारण वेगळं: ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांना आत वेगळा वाटा द्या. तशा दुरुस्त्या त्यांनी मांडल्या, त्या पडल्या, मग त्यांनी विरोधात मत दिलं. पटो न पटो, माणूस कुठे उभा आहे ते दिसतं.

शरद जोशी एकटे उभे राहू शकले याचं एक साधं कारण होतं. त्यांच्यावर व्हिप, म्हणजे असंच मत द्या असा पक्षाचा हुकूम, काढणारा प्रतोदच नव्हता. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडला की सदस्यत्व धोक्यात. सरकार पाडण्याच्या मतदानाला हे लावा, ठीक. पण कलम ९ मधला एक शब्द बदला म्हणणाऱ्या दुरुस्तीलाही तोच व्हिप? १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सांगून ठेवलंय की ही बंदी विश्वास-अविश्वासाच्या मतांपुरती ठेवा. ऐकतो कोण! समितीत व्हिप लागू नसतो, पण ह्या सवयीचा परिणाम काय होतो ते वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीत दिसलं. जानेवारी २०२५. विरोधकांच्या दुरुस्त्या मताला टाकल्या, १० विरुद्ध १६, सगळ्या पडल्या. सत्ताधारी बाजूच्या १४ बदलांना मंजुरी. आता सगळ्याच्या सगळ्या दुरुस्त्या इतक्या वाईट होत्या की एकाही सत्ताधाऱ्याला एकही पटू नये? किंवा इतक्या चांगल्या की एकाही विरोधकाला एकही खटकू नये? दोन्ही मला अशक्य वाटतं. मतदानाला डोकी २६ होती, विचार दोनच. पुढे २ एप्रिलला दुपारी सुरू झालेली लोकसभेतली चर्चा मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास मतदानाला आली, २८८ विरुद्ध २३२. मी जागा होतो. बायको उठून बघून गेली, "अजून चालू आहे? निकाल काय लागणार ते माहीत नाही का तुम्हाला?" माहीत होता.

शेवटच्या आकड्याने कशी फसगत होते याचं आपल्या घरचं उदाहरण सांगतो. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षण रद्द केलं. त्यात एक मुद्दा होता १०२ व्या घटनादुरुस्तीचा, की मागास जाती ठरवण्याचा राज्यांचा अधिकार तिने गेला की नाही. पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन असा निकाल, गेला. (ह्याच दुरुस्तीच्या विधेयकावर जुलै २०१७ मध्ये राज्यसभेत सत्ताधारी बाकं रिकामी असताना विरोधकांच्या दुरुस्त्या मंजूर झाल्या होत्या. गंमत अशी की घटनादुरुस्ती विधेयकातल्या कलमाला दोन तृतीयांश लागतात, पण त्या कलमावरच्या दुरुस्तीला साधं बहुमत पुरतं. दुरुस्ती जिंकली, दुरुस्त झालेलं कलम पडलं, आणि मागासवर्ग आयोगाचं विधेयक आयोगाच्या कलमाशिवायच सभागृहाबाहेर पडलं! वऱ्हाड नवरदेवाशिवाय निघावं तसं. वर्षभराने लोकसभेत ते पुन्हा मार्गी लागलं.) तर राज्यांचा अधिकार परत द्यायला ऑगस्ट २०२१ मध्ये नवी घटनादुरुस्ती आली. लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य. सगळे सोबत, सगळ्यांचे फोटो, सगळ्यांची अभिनंदनाची पोस्टरं. पण त्याच दिवशी शिवसेनेच्या विनायक राऊतांनी एकूण आरक्षणावरच्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेबाबत दुरुस्ती मांडली होती, ती फेटाळली गेली. मराठा आरक्षण टिकणार की नाही हा प्रश्न त्या पन्नास टक्क्यांत अडकलेला, हे रस्त्यावरच्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे तुमचा खासदार कुठे होता हे ३८५-० मध्ये नाही, त्या पडलेल्या दुरुस्तीत आहे. चौकातल्या बॅनरवर मात्र ती कधीच येत नाही.

आणि विधानसभा? जुलै २०२५ चं जनसुरक्षा विधेयक घ्या. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. सभागृहात आवाजी मतदान. आता ह्याच सभागृहातला ३ जुलै २०२२ चा दिवस आठवा, अध्यक्षपदाची निवडणूक. एकेका आमदाराला उभं केलं, नाव घ्यायला लावलं, क्रमांक म्हणायला लावला. १६४ विरुद्ध १०७. उभ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. म्हणजे मोजता येतं! खुर्चीचा प्रश्न असला की डोकं न् डोकं मोजता येतं. माझ्या घराच्या भाड्याचा, शेताच्या बांधाचा, अटकेच्या अधिकाराचा कायदा असला की 'होयचे बहुमत'.

जुन्या लोकांना हे कळत होतं. घटना समितीत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्यांच्या नोटिसा आल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. डॉ. आंबेडकर त्या ऐकत, उत्तर देत, कधी मान्य करत, बहुतेकदा सरळ नाही म्हणत. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करा अशी दुरुस्ती आणली. देवाला कशाला मताला टाकता, म्हणून बाकीच्यांनी विनवलं. कामत ऐकेनात. मोजणी झाली, ४१ विरुद्ध ६८. देव हरला, पण त्याचीसुद्धा मतं मोजली गेली! आणि २५ नोव्हेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी पक्षशिस्त न जुमानणाऱ्या ह्या बंडखोरांचे नावं घेऊन आभार मानले. कामत होते, आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख होते. ही माणसं नसती तर कामकाज नीरस झालं असतं, अशा अर्थाचं ते बोलले. छळलं म्हणून आभार मानणारा मंत्री मला आज कुणी दाखवा.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक दुरुस्तीला डिव्हिजन घ्या असं मी म्हणत नाही, संसद महिनाभर चालून एक कायदा होईल. एका सदस्याने जागेवरून मागितलं की तिथे बटण दाबायचंच, 'विनाकारण' वगैरे काही नाही, एवढंच. बटणं प्रत्येक बाकावर आहेत. आणि राज्याच्या सभागृहातही ती बसवा. एवढ्या इमारती बांधताय, त्यात बटणांचा खर्च तो काय.

सोसायटीचं राहिलंच. इतिवृत्तात दुरुस्ती करा म्हणून मी लेखी अर्ज दिला. तो पुढच्या सभेत मांडला जाणार आहे. आवाजी मतदानाने.