तुमचं स्वागत होणार आहे, तयारीत राहा

अभिनंदन! सीईटी झाली, कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या झाल्या, नॉन-क्रिमिलेअरसाठी सेतू केंद्रात हेलपाटे झाले. आता एकच परीक्षा उरली, ती म्हणजे अभियांत्रिकी कॉलेजातलं तुमचं स्वागत. ग्रुपवर 'दीक्षारंभ' अशी रंगीत पत्रिका आलीच असेल. कार्यक्रम सकाळी दहा वाजता, विद्यार्थ्यांनी साडेनऊला आसनस्थ व्हावे. यातले साडेनऊ म्हणजे साडेनऊच. दहा मात्र प्रमुख पाहुणे येतील तेव्हा वाजतात. पाहुणे 'टोलनाक्यापर्यंत आलेत' असं कुणी सांगितलं तर सावरून बसायची घाई करू नका. टोलनाका कुठला, हे सांगितलेलं नाही.

घरून नाश्ता करूनच निघा. आणि तिसऱ्या रांगेत अजिबात बसू नका. पहिल्या दोन रांगा सोफ्याच्या, त्या विश्वस्तांच्या. तिसरी रांग कॅमेऱ्यात येते, म्हणजे तिथे जांभई देणं हा शिस्तभंग.

दीपप्रज्वलन मात्र डोळे भरून पाहा. समईला वाती पाच, व्यासपीठावर मान्यवर सात. पहिल्यांनी मेणबत्ती टेकवली की पंख्याचा वारा ती विझवतो. 'पंखा बंद करा' असा पुकारा होतो आणि कुणीतरी घाईत दिवे बंद करतं. त्या अंधारात शिपाईमामा पुढे होऊन वातीच्या टोकाला कापराची चिमूट लावतात आणि मग ज्ञानाचा प्रकाश पडतो. पुढे सहावे आणि सातवे मान्यवर पेटलेलीच वात पुन्हा पेटवतात, कारण फोटोग्राफर म्हणतो, 'सर, इकडे बघा.' पेटत्या ज्योतीकडे पाठ फिरवून कॅमेऱ्याकडे हसत बघणं जमायला वीस वर्षांची नोकरी लागते. तुम्ही घरी प्रयोग करू नका.

मग सत्कार. सचिवांचा सत्कार प्राचार्य करतात, प्राचार्यांचा उपप्राचार्य, उपप्राचार्यांचा विभागप्रमुख. शाल, श्रीफळ आणि, पर्यावरणाचं भान असल्यामुळे, पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतलं रोप. ज्यांना परिचयाची गरज नाही त्यांचा परिचय दहा मिनिटं चालतो. आपलं स्वागत कधी, असं विचारू नका. पहिल्या बाकावरच्या दोघांना गुलाबाचं फूल मिळालं ना? तेच. प्रातिनिधिक स्वरूपात तुमचंही झालं.

आता थोडं ज्ञान, कारण भाषणांत ते येईलच असं नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या मते अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्याचं इंडक्शन, म्हणजे कॉलेजात रुळण्याचा कार्यक्रम, 3 आठवड्यांचं असावं. त्यात खेळ, कला, वाचन, मानवी मूल्यं, परिसराची ओळख असं सगळं असावं. यूजीसीनेही, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानेही, 2019 मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. कल्पना खरोखर चांगली आहे. गावाकडून आलेल्या पोराला पहिल्या दिवशी समीकरणांच्या तोंडी देण्याआधी जरा श्वास घेऊ द्यावा, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे प्रवेशफेऱ्या लांबतात आणि परीक्षा जवळ येतात, म्हणून 3 आठवडे एका सकाळीत बसवले जातात. परिसराची ओळख झेरॉक्सच्या दुकानापर्यंत होते. मानवी मूल्यांना जेवणाच्या सुट्टीआधीची वीस मिनिटं मिळतात, ती पाहुण्यांच्या भाषणात जातात.

एक स्लाइड मात्र डोळे उघडे ठेवून बघा. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे; 2 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522. ही स्लाइड सर्वांत वेगाने पुढे सरकते, तेव्हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाका. हा एवढा सल्ला मी गंभीरपणे देतोय. ती सरकली की लगेच तुम्हाला एकेकाला उभं करून नाव, गाव, छंद सांगायला लावतील, आणि छंद गाण्याचा निघाला तर गायलाही. याला 'आइस ब्रेकिंग' म्हणतात. बुद्धीला ताण देऊ नका, छंद 'वाचन' सांगा. त्याचा नमुना कुणी मागत नाही.

फोटोंबद्दल तक्रार नको. खाली अक्षांश-रेखांश आणि तारीख छापलेला फोटो हा कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीचा प्राणवायू आहे. तुम्ही आलात याला तुमचं येणं हा पुरावा नव्हे, तो फोटो पुरावा. म्हणूनच बॅनर तुमच्यापेक्षा नीट फ्रेममध्ये येतो. अर्धं सभागृह रिकामं असेल तर तुम्हाला 'सरकून मध्ये बसा' सांगतील, सरका. तुमच्या चार वर्षांतलं संस्थेच्या श्रेणीला एवढं थेट योगदान पुन्हा घडेल असं वाटत नाही.

आभारप्रदर्शन सुरू झालं म्हणून उठू नका. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, 'ज्ञात-अज्ञात हात' अशी यादी संपली की राष्ट्रगीत आहे. त्याआधीच ग्रुपवर अभिप्रायाचा गुगल फॉर्म येतो. कार्यक्रम संपायचा आहे हे मनात आणू नका, भरून टाका. तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र उघडत नाही. पर्याय तीन: उत्तम, अतिउत्तम, उत्कृष्ट. सूचनांच्या चौकटीत 'वर्ग कुठल्या मजल्यावर भरतो?' असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. अहवाल मागच्या वर्षीचाच आहे, त्यात फक्त तारीख बदलायची असते.