राउटर बंद, उत्तर चालू

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरतज्ज्ञ मी. शिक्षण बी.कॉम. पाच वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढला, तेव्हापासून वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात जमा झाली. पंखा धरून.

तर २० तारखेला सकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. करसल्लागाराच्या ऑफिसात २० तारीख म्हणजे लग्नघर. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचा शेवटचा दिवस. चुकला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज, आणि त्याच्याही वर क्लायंटचं तोंड. पण सरांच्या डोक्यात वेगळंच काहीतरी चाललं होतं.

"सोमवारपासून नेट सारखं जातंय ना? का ते मला कळलंय. खालचे चहावाले मामा आपलं वायफाय वापरतात. काल त्यांच्या मोबाइलवर मी स्वतः दोन ओव्हर बघितल्या. एकदासुद्धा अडकलं नाही! आधी पासवर्ड बदल. पाच मिनिटांचं काम आहे."

सरांच्या तोंडून 'पाच मिनिटांचं काम' आलं की मी डबा लवकर खाऊन घेतो.

राउटरचा पासवर्ड बदलायचा तर त्याचं पान उघडावं लागतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं. हा पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळासमोर' म्हटल्यासारखा आहे. प्रत्येक गावात मारुतीचं देऊळ असतंच, त्यामुळे गावात तेवढं सांगितलं की पुरतं. वेशीबाहेर त्याला काही अर्थ नाही. १९९६ साली इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी असे घरगुती पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले. त्यातल्या १९२.१६८च्या पट्ट्यात ६५,५३६ पत्ते बसतात. आमच्याकडे कॉम्प्युटर सात. म्हणजे जागेची टंचाई होती असं कुणी म्हणू नये.

पत्ता टाकला. गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, आणि साइटपर्यंत पोहोचता येत नाही म्हणाला. साइट माझ्या डोक्यापासून दीड हातावर, कपाटावर गणपतीच्या शेजारी, हिरवे दिवे लुकलुकवत बसलेली. ब्राउझर बदलला. मोबाइलवरून बघितलं. पुढे एचटीटीपीएस लावून बघितलं, काढून बघितलं. मॅडम मागून म्हणाल्या, "नुसता एंटर नको, जोरात एंटर दाब." तेही केलं.

मग पिंग. १९८३ साली माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. आपण 'आहेस का?' विचारायचं, पलीकडच्याने 'आहे' म्हणायचं. मी विचारलं. लगेच उत्तर आलं, एका मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे साहेब घरात आहेत, हाक मारली की ओ देतात, पण दार उघडत नाहीत. असे क्लायंट आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे धीर सुटला नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. बावीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगा आला.

"सर, लाल लाइट आहे का?"

"नाही. फक्त पान उघडत नाही."

"राउटर बंद करून परत चालू करा."

"केला तीनदा."

"मग मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा."

मॅडमनी लगेच पर्समधून सेफ्टी पिन काढून दिली. पिन भोकाच्या तोंडाशी नेली आणि विचारलं, "याने काय होईल?"

"सगळं पुसून नव्यासारखं होईल. मग तुमचा नेटचा युजरनेम-पासवर्ड परत टाकायचा."

तो कुणाकडे आहे, असं मी ऑफिसला उद्देशून ओरडलो. सगळे एकदम कामाला लागले. इतकी एकाग्रता मार्चअखेरलासुद्धा दिसत नाही. मी पिन परत केली.

चौथ्यांदा राउटर बंद करायचा ठरवलं. या वेळी वेगळं एवढंच केलं, की पिंग थांबवायचा राहिला. प्लग उपसला, दिवे विझले, आणि खुर्चीत येऊन बघतो तर स्क्रीनवर ओळीवर ओळ: १९२.१६८.१.१ कडून उत्तर. १९२.१६८.१.१ कडून उत्तर.

प्लग माझ्या हातात होता.

मॅडमना बोलावलं. त्यांनी प्लगकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, गणपतीकडे बघून हात जोडले. सर आले, म्हणाले, "बॅटरी असेल आत." नव्हती. ऑफिसात दुसरंच कुणीतरी राउटरचं नाव लावून ओ देत होतं.

कपाटामागे आठ तोंडांचा स्विच आहे, म्हणजे सगळ्यांच्या नेटच्या वायरी एकत्र जोडणारा डबा. त्यातून निघालेल्या सगळ्या वायरी निळ्या; कुठली कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी एकेक उपसत गेलो. पहिली काढली, स्क्रीनवर उत्तरं चालूच. परत लावली. दुसरी काढली, सरांच्या केबिनमधून "अरे, टॅली उडालं!" परत लावली. तिसरी मॅडमची, ती त्यांनी काढू दिली नाही. चौथीची क्लिप तुटलेली होती, हात लागताच सुटली. आणि स्क्रीनवर पहिल्यांदा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, म्हणजे कुणीच ओ दिली नाही. ही ओळ बघून इतका आनंद झालेला मी एकटाच असेन.

ती वायर भिंतीच्या कडेने, कॅलेंडरच्या मागून, चौकटीला वळसा घालून थेट दारापाशी गेली. तिथे हजेरीचं थंब मशीन! सोमवारी बसलेलं. आम्ही दहाच्या ठोक्याला यावं म्हणून सरांनी स्वतः घासाघीस करून आणलेलं. बसवणाऱ्याने 'आयपी' (मशीनचा स्वतःचा पत्ता) आणि 'गेटवे' (राउटरचा पत्ता) या दोन्ही रकान्यांत एकच आकडा ठोकून दिला होता. एका घराला दोन मालक झाले. कुठल्या कॉम्प्युटरचं पत्र कुणाच्या हातात पडेल याचा नेम नाही. राउटरला मिळालं तर नेट चालायचं. मशीनला मिळालं तर ते बिचारं काय करणार, त्याला फक्त अंगठे कळतात. चहावाल्या मामांच्या मोबाइलला मात्र बहुधा पहिल्यापासून खरा मालक सापडला होता.

ऑफिसात जी आनंदाची लाट उसळली ती मी वर्णन करणार नाही, सरही हे वाचतात. "काढूनच टाकू या का?" असं तीन जणांनी तीन वेगवेगळ्या वेळी, सहज म्हणून विचारलं.

मशीनचा आकडा बदलायला ॲडमिनचा अंगठा हवा, म्हणजे सरांचा. सरांनी अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, "प्लीज ट्राय अगेन." सरांनी अंगठा पँटला पुसला. "प्लीज ट्राय अगेन." मागे रांगेने उभं राहून आम्ही सगळे अत्यंत गंभीर चेहऱ्याने बघत होतो. पाचव्यांदा घेतलं. पत्ता १९२.१६८.१.५० केला, वायर लावली, राउटर चालू केला.

पान उघडलं! निळं, सुंदर. युजरनेम आणि पासवर्ड विचारत होतं.

पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. राउटर उलटा केला. गेल्या खंडेनवमीला आम्ही तो पाटावर पालथा मांडला होता, आणि स्टिकरवर बरोबर मधोमध हळदी-कुंकवाची पाच बोटं उमटली होती. त्यावर अक्षता. शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता येत होते.

तेवढ्यात चार वाजताचा चहा घेऊन मामा वर आले. सरांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मामांनी राउटर बघितला, माझा चेहरा बघितला.

"पासवर्ड पाहिजे का? तो दोन वर्षांमागं रविवारी बसवायला आलता ना, तुमची किल्ली माझ्याकडंच होती. सरांना द्या म्हणला. राहूनच गेलं." खाली जाऊन त्यांनी उधारीची वही आणली. आमच्या नावाच्या पानावर, १४ कटिंग आणि ३ क्रीमरोल यांच्या खाली, तो होता. टाकला, लागला.

सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मामाही कान खाजवत मागे उभे राहिले, कानामागची पेन्सिल काढली आणि वहीचं नवीन पान उघडलं.

"नवीन काय ठेवताय? हितंच लिहून ठेवतो."