माजी, भावी, पुन्हा माजी

नाक्यावर परत बॅनर! 'भावी नगरसेवक', हात जोडलेले. अहो, २०१७ला तुम्हीच निवडून आला होतात ना? मार्च २०२२मध्ये मुदत संपली, पालिकेवर प्रशासक बसला आणि तुम्ही 'कार्यसम्राट माजी नगरसेवक' झालात. नळाला पाणी येईना म्हणून फोन केला, तर म्हणे, "काकू, आता आमच्या हातात काही नाही." बरं. मग गणपतीतली कमान, दहीहंडीचं बक्षीस, दिवाळीत घरोघरी उटण्याची पुडी, हे कुठल्या हातातून येतं? पक्ष बदलला, गळ्यातलं उपरणं बदललं. फोटो मात्र तोच, काळ्याभोर केसांचा. (समोर आलात तर ओळखू येत नाही हो!) आणि वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला रे झाला, की बॅनरवर वहिनी. त्यांना आम्ही आजवर फक्त हळदीकुंकवाला पाहिलंय.