चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढू नका

'जुन्या पिकअपची चार्जिंग घरच्या घरी तपासा' असा एक संदेश कापसाच्या हंगामापासून आमच्या भागात मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा आशय असा : इंजिन चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, इंजिन बंद पडले तर डायनामो (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा अल्टरनेटर) गेला आणि चालू राहिले तर डायनामो चांगला असून बॅटरी बदलावी. मीटरमधला लाल दिवा विझत असेल तर चार्जिंग ठीकच समजावी. जास्त अँपिअरची बॅटरी बसवली की त्रास कायमचा मिटतो, आणि बॅटरीतले पाणी कमी झाले तर ॲसिड टाकावे. दारव्हा-दिग्रस रस्त्यावर अनेक वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करत असल्याने या सल्ल्याचे परिणाम माझ्याकडे दुरुस्तीला येतात. म्हणून त्यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

वायर काढण्याची परीक्षा पेट्रोल गाड्यांच्या काळातली आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगीसाठी वीज लागते, त्यामुळे वीज तुटली की ते बंद पडते. आपल्याकडे कापूस, तूर आणि संत्री वाहणाऱ्या जुन्या पिकअप डिझेलवर चालतात. ज्यांचा पंप संपूर्ण यांत्रिक आहे आणि ज्या दांडी ओढून बंद कराव्या लागतात, अशा गाड्यांचे इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरजच उरत नाही. डायनामो पूर्ण मेलेला असला तरी इंजिन चालूच राहणार आणि संदेशाप्रमाणे मालक चांगली बॅटरी विकून नवी आणणार. काही गाड्यांत डिझेल रोखणारा विजेवरचा व्हॉल्व्ह असतो. तिथे इंजिन बंद पडू शकते. परंतु त्या व्हॉल्व्हला एखाद-दोन अँपिअर पुरतात, त्यामुळे इंजिन चालू राहिले एवढ्यावरून हेडलाइट, ब्लोअर आणि बॅटरी या सर्वांना पुरेल इतकी वीज डायनामो देतो आहे, हे सिद्ध होत नाही.

म्हणजे ही परीक्षा उत्तर देत नाही. नुकसान मात्र नक्की करू शकते. विहिरीवरची मोटार जोरात चालू असताना शेवटचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइपाला जो दणका बसतो, तसाच प्रकार येथे घडतो. डायनामोच्या फिरत्या गुंडाळीतले चुंबकत्व क्षणात नाहीसे होत नाही, आणि आतापर्यंत जो प्रवाह बॅटरी पोटात घेत होती त्याला अचानक जागा उरत नाही. सेकंदाच्या काही दशांशांपुरता व्होल्टेज वर उसळतो, आणि ज्या डायनामोत ही उसळी दाबणारे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) नाहीत त्यात तो १०० व्होल्टच्या घरात जाऊ शकतो. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, डायनामोचे डायोड, हेडलाइटचे बल्ब आणि टेप यांपैकी काहीही त्यात जाते. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि वायर काढताना ठिणगी पडतेच, तीही नेमकी त्या बॅटरीच्या तोंडाशी. बॅटरी फुटून ॲसिड डोळ्यांत गेले तर ते नुकसान भरून निघत नाही.

याऐवजी तीनशे-चारशे रुपयांचा मल्टीमीटर घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी किल्ली न लावता बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे : १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. नंतर इंजिन सुरू करून थोडी रेस द्यावी, आता १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही आकडा १३.२ च्या खाली जाता कामा नये, आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळते आहे असे समजावे. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, तापलेल्या डायनामोवर १३.६ दिसले तरी घाबरू नये, कारण उष्णता वाढली की अनेक रेग्युलेटर व्होल्टेज मुद्दाम थोडा खाली आणतात.

आकडा कमी आला तरी लगेच डायनामो उतरवू नये. गेल्या हंगामात एक पिकअप माझ्याकडे आली, तिची बॅटरी आणि डायनामो दोन्ही बदलून झाले होते, तरीही ती सकाळी सेल्फ घेत नव्हती. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मी मीटरची एक पिन डायनामोच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर ठेवली. तेथे ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवे होते, दिसले १.१. इंजिनापासून चेसीपर्यंत जाणारी अर्थची पट्टी गंजून जवळजवळ तुटलेली होती. पट्टी बदलली आणि गाडी बरी झाली. काढून टाकलेला जुना डायनामो पूर्णपणे चांगला होता. हीच मोजणी डायनामोच्या जाड वायरीच्या टोकापासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंतही करावी. दोन वायरींची ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि ती न केल्यामुळे शेतकऱ्याचे हजारो रुपये जातात याचे मला मनापासून वाईट वाटते.

लाल दिव्याबद्दलचा दावा अर्धाच खरा आहे. त्या दिव्याच्या एका बाजूला बॅटरीचा आणि दुसऱ्या बाजूला डायनामोचा व्होल्टेज असतो. दोन्ही सारखे झाले की तो विझतो. डायनामो वीज तयार करू लागला एवढेच त्यावरून कळते, किती करतो ते कळत नाही. पट्टा सैल होऊन घसरत असेल किंवा एखादा डायोड गेला असेल, तरी दिवा विझलेला राहू शकतो, किंवा इतका मंद जळतो की उन्हात दिसत नाही. उलट किल्ली लावल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, दिवा लागतच नसेल तर ते शुभ लक्षण मानू नये : अनेक जुन्या डायनामोंना सुरुवातीचे चुंबकत्व त्या दिव्यातूनच मिळते, आणि बल्ब उडाला की मोठी रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही.

पट्ट्याकडे दुर्लक्ष करू नये, याला आणखी एक कारण आहे. आपल्या बहुतेक जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीमागे बसवलेला असतो. पट्टा तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकही जड होतो, आणि मालाने भरलेली गाडी घाटात असेल तर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. याच पंपाचे सील खराब झाले की ऑइल डायनामोत उतरते आणि कार्बन, म्हणजे फिरत्या गुंडाळीला वीज पोचवणारे ब्रश, खराब करते. अशा वेळी फक्त कार्बन बदलून देणारा मिस्त्री तेच काम दोन महिन्यांनी पुन्हा करतो.

जास्त अँपिअरची बॅटरी मोठ्या टाकीसारखी आहे. टाकी मोठी केल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही. सेल्फ तीन सेकंद २५० अँपिअर ओढतो असे धरले तरी बॅटरीतून जेमतेम ०.२ अँपिअर-तास जातात, आणि चांगला डायनामो ते दोन-चार मिनिटांत भरून देतो. म्हणून बॅटरी रोज सकाळी उतरत असेल तर एकतर चार्जिंग कमी आहे किंवा उभ्या गाडीत वीज गळते आहे. अर्ध्या अँपिअरची गळती चार दिवसांत ४८ अँपिअर-तास संपवते, आणि पेरणीच्या दिवसांत गाडी चार दिवस उभी राहणे नवे नाही. गळती शोधण्यासाठी किल्ली काढून, दारे बंद करून, इंजिन बंद असतानाच निगेटिव्ह वायर सोडावी आणि मीटर अँपिअरवर ठेवून मध्ये जोडावा. आकडा ०.०५ च्या वर असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. सगळे फ्यूज काढूनही तो उतरला नाही तर डायनामोच्या जाड वायरीकडे, म्हणजे त्यातल्या डायोडकडे संशय न्यावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल.

ॲसिडचा सल्ला सरळ चुकीचा आहे. बॅटरीतून उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. वरून आणखी ॲसिड घातले की प्लेटा लवकर खराब होतात. डिस्टिल्ड वॉटरच घालावे, बोअरचे क्षारयुक्त पाणी नव्हे, आणि एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी पातळी पाहावी. बॅटरी पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडाची घनता दाखवणाऱ्या नळीने, सहाही घरे मोजावीत. सर्व घरांत १.२५ ते १.२८ च्या दरम्यान सारखा आकडा आला तर बॅटरी चांगली आहे. एकच घर इतरांपेक्षा ०.०५ किंवा त्याहून खाली असेल तर ती बॅटरी गेली, आणि तेव्हा ती बदलण्यावाचून इलाज नाही.