‘ठेका दिला, आता आमचा काय संबंध?’ : सेप्टिक टँकमधल्या मृत्यूंवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

सेप्टिक टँक साफ करताना मजूर गुदमरून मेल्याची बातमी आली की सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, म्हणणं तेच असतं. मैला उचलण्याची प्रथा केव्हाच संपली, सरकारनेच तसं संसदेत सांगितलंय. हे लोक स्वखुशीने, पैसे घेऊन उतरतात, उगाच जात मध्ये आणू नका. यंत्र सगळीकडे पोहोचत नाही, शेवटी माणूसच उतरवावा लागतो. मास्क आणि हातमोजे दिले की झालं. आणि काम ठेकेदाराला दिल्यावर रहिवाशांची जबाबदारी उरतेच कुठे?

हे सगळं पटण्यासारखं वाटतं म्हणूनच पुढे ढकललं जातं. पण यातलं एकही विधान तपासलं तर टिकत नाही, आणि शेवटच्या विधानावर विसंबून वागणाऱ्या कमिटीवर तुरुंगात जायची पाळी येऊ शकते.

आधी संसदेतलं उत्तर. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यसभेत सामाजिक न्याय मंत्रालयाने सांगितलं की हाताने मैला उचलताना कुणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही. फिरणारा मजकूर इथेच थांबतो. त्याच उत्तरात पुढे होतं की गटारं आणि सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई करताना ९४१ कामगारांचा मृत्यू झाला. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात ‘हाताने मैला उचलणं’ आणि ‘धोकादायक सफाई’ या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. टाकीत गेलेला जीव दुसऱ्या रकान्यात मोजला जातो, त्यामुळे पहिला रकाना कोरा दिसतो. बंदी दोन्हींवर आहे.

जात आम्ही मध्ये आणत नाही, ती सरकारी नोंदीतच आहे. २०१३ आणि २०१८ च्या सर्वेक्षणांत देशभरात ५८,०९८ मैला उचलणारे कामगार सापडले. त्यांपैकी ४३,७९७ जणांच्या जातीची नोंद उपलब्ध होती आणि त्यात ४२,५९४ जण अनुसूचित जातींचे होते. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव. एखादं काम पिढ्यान् पिढ्या त्याच वस्त्यांच्या वाट्याला येत असेल, तर त्याला निवड म्हणता येत नाही. आणि ‘स्वखुशी’चा मुद्दा कायद्यापुढेही चालत नाही. कामगाराने होकार दिला म्हणून काम देणारा सुटतो, अशी पळवाट या कायद्यात कुठेही नाही.

आता यंत्राचा मुद्दा. हा सगळ्यात पटणारा आहे आणि सगळ्यात कमी तपासला जातो.

व्हॅक्यूम टँकर स्वतःच्या टाकीत निर्वात तयार करून सेप्टिक टँकमधला गाळ वर ओढतो. खोलीचं गणित पाहू. प्रत्यक्षात असे पंप पाच-सहा मीटर खालून मैला ओढतात आणि घरगुती टाकी साधारण दोन मीटर खोल असते. म्हणजे खोलीची अडचण नाहीच. अडचण असते गल्लीची. तिथे लहान गाडी बोलावायची आणि पाइपाचे तुकडे जोडून लांबी वाढवायची. आकारही फार नसतो. सेप्टिक टँकसाठीच्या भारतीय मानक २४७० प्रमाणे पाच माणसांच्या घराची, दर दोन वर्षांनी उपसायची टाकी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली एवढीच असते. हे सव्वाअकराशे लिटरच्या आसपास भरतं, छोट्या टँकरची एक फेरी.

मग माणूस का उतरवला जातो? कारणं बहुतेक वेळा तीन असतात आणि तिन्ही टाळता येतात.

पहिलं कारण घट्ट झालेला गाळ. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. आठ-दहा वर्षं हात लावला नाही की तळाचा गाळ दगडासारखा बसतो, वर सायीचा जाड थर धरतो, आणि त्यात सॅनिटरी पॅड, वाइप्स, प्लास्टिक अडकलेलं असतं. पाइपाच्या तोंडाशी हेच अडतं आणि गाडीवाला ‘मशीनने होत नाही’ म्हणतो. उपाय वरूनच करायचा असतो. टाकीत पाणी सोडायचं, जेटिंगच्या पाइपाने बाहेरूनच दाबाचा फवारा मारून गाळ सैल करायचा, काही तास भिजू द्यायचा, मग पुन्हा ओढायचा. अडकलेलं प्लास्टिक लांब दांड्याच्या आकड्याने वर काढायचं. एका दिवसात झालं नाही तर दुसऱ्या दिवशी. ‘आजच्या आज मोकळं करून द्या’ हा आग्रह माणसाला खाली ढकलतो.

दुसरं कारण बांधकामातलं. टाकीला दोन कप्पे असतात आणि झाकण एकच ठेवलेलं असतं, किंवा अंगणात फरशी बसवताना दुसरं झाकण बुजवलेलं असतं. मागच्या कप्प्यात पाइप जात नाही, माणूस जातो. प्रत्येक कप्प्यावर वेगळं झाकण हवं. फरशी फोडून ते करून घेण्याचा खर्च एकदाच येतो.

तिसऱ्या कारणाची चीड येते, कारण त्यात काहीच अडचण नसते. टँकरने टाकी रिकामी केलेली असते. सोसायटीचं कुणीतरी वाकून बघतं आणि म्हणतं, ‘तळाशी राहिलंय अजून, पैसे पूर्ण घेताय, घासून काढा.’ मजूर घमेलं आणि फावडं घेऊन खाली जातो. खरं म्हणजे तळ घासायचाच नसतो. त्याच मानकात लिहिलं आहे की तळाशी निदान २५ मिलिमीटर गाळ मुद्दाम ठेवावा, कारण त्यातल्या जीवाणूंवरच नव्या मैल्याचं कुजणं चालू होतं. घासून लख्ख केलेली टाकी उलट नीट काम करत नाही. ज्या शेवटच्या बोटभर गाळासाठी माणूस उतरवला जातो, तो तिथेच राहायला हवा असतो.

गाळ किती साचलाय हे घरबसल्या मोजता येतं. लांब काठीला जुनं पांढरं फडकं गुंडाळून ती वरून तळापर्यंत सोडायची, चेहरा झाकणापासून बाजूला ठेवायचा, मिनिटभराने वर काढायची. जिथपर्यंत फडकं गडद काळं झालं तेवढा गाळ. तो पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की गाडी बोलावायची. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी यापुढे एक पाऊल टाकलं. तिथे टाकी तुंबायची वाट न बघता पालिकेने नेमलेली गाडी तीन वर्षांच्या चक्राने घरोघर जाऊ लागली. गाळ घट्ट होण्याआधीच निघतो, त्यामुळे ‘मशीनने होत नाही’ म्हणायची वेळच येत नाही.

आता मास्क-हातमोज्यांकडे येऊ. टाकीत प्राणवायू कमी असतो आणि सडणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. पण हवेत तो दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. ‘आता वास येत नाही, उतर’ हे वाक्य म्हणूनच जीवघेणं आहे. दहा लाखांत सातशे ते हजार भागांना तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्यात आणखी एक फसवणूक होते. झाकण तासभर उघडं ठेवलं तर वरची हवा बरी लागते, पण फावडं लागताच गाळात अडकलेला वायू एकदम उसळतो.

कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वायू नाही. गाळणीचा मास्क प्राणवायू तयार करत नाही. अशा ठिकाणी चालतं ते फक्त स्वतंत्र हवेचं साधन, म्हणजे पाठीवर हवेची टाकी किंवा बाहेरून नळीने हवा. त्यासोबत तिपाई (ट्रायपॉड), अंगाला बांधलेला पट्टा आणि दोर, वर थांबलेली माणसं, आणि चार वायू मोजणारा मीटर. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. मेणबत्ती किंवा काडी सोडून बघण्याची जुनी रीत दुहेरी घातक. ज्योत हायड्रोजन सल्फाइड ओळखत नाही, आणि टाकीतला मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर तीच ज्योत स्फोट करते.

हे सगळं साहित्य असलं तरी परवानगी आपोआप मिळत नाही. २०१३ च्या नियमांत गटारात माणूस उतरवायला मोजकेच अपवाद आहेत: जिथे यंत्र चालत नाही तिथलं मोडलेलं झाकण काढणं, नवी मोठी वाहिनी जुन्या वाहिनीला जोडणं, तळाचा पंप काढणं, मॅनहोलची पुनर्बांधणी. त्याबाहेर अगदीच गरज पडली तर पालिकेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारणं लिहून परवानगी द्यायची. ‘सोसायटीची टाकी भरली’ हे कारण या यादीत नाही.

राहिला ठेक्याचा मुद्दा. कायद्याच्या कलम ७ चे शब्द स्पष्ट आहेत: कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, कुणालाही धोकादायक सफाईला लावू शकत नाही. ‘अप्रत्यक्षपणे’ या एका शब्दात ठेकेदार आला, प्लंबर आला, ‘वॉचमनने कुणाला तरी आणलं’ हेही आलं. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. संस्थेने गुन्हा केला तर कारभार पाहणारी माणसं व्यक्तिशः आरोपी होतात. म्हणजे सेक्रेटरी आणि चेअरमन. मजूर अनुसूचित जातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू शकतो.

गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीच्या टाकीत तीन मजूर मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकी दहा लाखांची भरपाई सरकारने द्यावी असा आदेश दिला. काम खासगी होतं म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, आणि सरकारने पैसे दिले म्हणून काम देणाऱ्याचीही संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मृत्यूची भरपाई तीस लाख केली. कायमच्या अपंगत्वाला किमान वीस लाख, इतर अपंगत्वाला किमान दहा.

‘सामान्य माणूस काय करणार’ याचं उत्तर लहानसं आहे आणि ते पाळायला पैशांपेक्षा सवय जास्त लागते. गाडी ठरवतानाच चार गोष्टी विचारा. पाइप किती लांब आहे, सोबत जेटिंग आहे का, गाडी पालिकेकडे नोंदलेली आहे का, आणि मैला कुठे रिकामा होणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर तो मैला ओढ्यात जाणार हे समजा. कामाच्या पत्रात एक ओळ घाला: कोणत्याही कारणाने कुणीही टाकीत उतरणार नाही, काम अपुरं राहिलं तरी गाडीच्या फेरीचे पैसे दिले जातील. या ओळीचा दुसरा भाग विसरू नका. पैसे अडकणार असतील तर मजूर उतरेलच. काम चालू असताना कमिटीपैकी कुणीतरी तिथे उभं राहा, झाकणाभोवती मुलं आणि विड्या नकोत. घरात पॅड आणि वाइप्स संडासात टाकणं बंद करा. माणूस उतरताना दिसला तर, तुमची सोसायटी नसली तरी, थांबवा आणि पालिकेच्या स्वच्छता विभागाला किंवा १४४२० या मदत क्रमांकावर कळवा.

आणि कुणी आत कोसळलाच तर मागोमाग उतरू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे त्याच टाकीत जातात, हे या बातम्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा, १०८ वर रुग्णवाहिका, सगळी झाकणं उघडा, ब्लोअर असेल तर बाहेरची ताजी हवा आत सोडा. पट्टा बांधलेला असेल तर वरूनच ओढा.

मृत्यू झाला की पुढचे काही दिवस फार महत्त्वाचे असतात. पोलिसांत नुसती अकस्मात मृत्यूची नोंद होऊन प्रकरण मिटू शकतं, किंवा थोडीफार रक्कम देऊन घरच्यांकडून लिहून घेतलं जाऊ शकतं. शेजाऱ्यांनी साक्षीला उभं राहणं इथेच उपयोगी पडतं. कुणी बोलावलं, कुणी उतरायला सांगितलं, कोणतं साहित्य होतं, हे त्यांनीच पाहिलेलं असतं. एफआयआरमध्ये २०१३ च्या कायद्याची कलमं ७ आणि ९ आली आहेत का ते बघा, नसतील तर लेखी मागणी करा, आणि भरपाईचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायला घरच्यांसोबत जा. या कायद्याखाली न्यायालयात तक्रार करायची मुदत कलम १० प्रमाणे घटनेपासून फक्त तीन महिने आहे.