घरातली मराठी आणि सिंग्लिशचा बागुलबुवा

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. गोषवारा असा: सिंगापूरमध्ये लोक घरी आपापल्या भाषा बोलत राहिले, म्हणून तिथलं इंग्रजी बिघडून त्याचं ‘सिंग्लिश’ झालं. त्याला ना नियम ना व्याकरण. प्रमाण इंग्रजी मुलांना जमेनासं झालं. तेव्हा आपल्या मुलांशी घरी मराठी बोलू नका. हा सल्ला आईबाप खरोखर अमलात आणतात, म्हणून हे लिहितोय.

आधी व्याकरणाचं बघू. सिंग्लिशमध्ये मलय भाषेतून आलेला ‘केना’ आहे. ‘ही केना स्कोल्ड’ म्हणजे त्यानं बोलणी खाल्ली. काही वाईट वाट्याला आलं की ‘केना’; बक्षीस मिळालं तर एरवी तो वापरत नाहीत. आपणही मार खातो, शिव्या खातो, पण ‘बक्षीस खाल्लं’ म्हणत नाही. हे कुणी शिकवत नाही, तरी लहान पोरही त्यात चुकत नाही. नियम म्हणतात तो याला! ‘आय ईट ऑलरेडी’चंही तसंच. क्रिया उरकली हे सांगायला चिनी भाषांत वाक्याच्या शेवटी एक छोटा प्रत्ययासारखा शब्द येतो. ते काम इथे ‘ऑलरेडी’ करतो. आणि ज्यावरून सगळे हसतात तो वाक्याच्या शेवटी येणारा ‘लाह’? ‘ये ना’ आणि ‘ये की’ यांतला फरक ज्याला कळतो, त्यानं तरी हसू नये.

आता ‘घरच्या भाषेनं बिघडवलं’ हा आरोप. घरी प्रामुख्यानं इंग्रजी बोलणाऱ्यांचं प्रमाण सिंगापूरच्या जनगणनेत 2010 साली 32.3 टक्के होतं, 2020 साली 48.3 टक्के झालं. घरात इंग्रजी आलं की सिंग्लिश ओसरणार असतं, तर एव्हाना ते ओसरायला लागलं असतं. तसं झालेलं नाही. सरकारनं 2000 साली चांगल्या इंग्रजीची मोहीम काढली, तरीही नाही. घरी इंग्रजीच बोलणारी मुलंही मित्रांत सिंग्लिश बोलतात, कारण ती त्यांच्या गावाची बोली आहे.

ओसरल्या त्या दुसऱ्याच भाषा. 1979 पासून सरकारनं चिनी वंशाच्या लोकांना होक्किएन, तिओच्यू, कँटोनीज या त्यांच्या घरच्या बोली सोडून मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलायला लावलं. 2010 साली या बोली 14.3 टक्के लोकांच्या घरात मुख्य भाषा होत्या, 2020 साली 8.7 टक्के. कित्येक घरांत आजी आणि नातवंडांना एकमेकांशी धड बोलता येईना. ‘घरातली भाषा बंद करा’ हे ऐकलं की मला हे आठवतं आणि राग येतो.

प्रमाण इंग्रजी जमत नाही, हेही खोटं. 2022 च्या ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात सिंगापूरची मुलं जगात पहिली आली, आणि ती परीक्षा त्यांनी इंग्रजीतून दिली. वर्गात एक इंग्रजी, कँटीनमध्ये दुसरं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

आणि ज्या सिंगापूरचा दाखला देऊन मराठी बंद करायला सांगतात, तिथल्या शाळांत इंग्रजीसोबत ‘मातृभाषा’ हा विषय सक्तीचा आहे: मँडरिन, मलय किंवा तमिळ. भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दूही घेता येते. मराठी त्या यादीत नाही. तिथल्या मराठी मुलाला मराठी मिळते ती मुख्यतः आईबापांच्या तोंडून.